अकराव्या अध्यायाचे डाग

आमच्या घरच्या पोथीत अकरावा अध्याय कुठे सुरू होतो हे पाहायला पानाचा आकडा वाचावा लागत नाही. पोथी मिटून आडवी धरली आणि पानांच्या कडांकडे पाहिले, की मध्याच्या बरेच पुढे एक काळपट पट्टा दिसतो. तोच अकरावा अध्याय. पोथी शिवलीलामृताची आहे. श्रीधरांनी हा ग्रंथ १७१८ साली बारामतीस पुरा केला आणि त्याच्या चौदा अध्यायांपैकी अकराव्याचे नित्यपठण करण्याचा प्रघात महाराष्ट्रात घरोघर पडला. रोज जमले नाही तर सोमवारी, तेही जमले नाही तर निदान श्रावणातल्या सोमवारी. आमची पोथी छापील नाही, हाताने लिहिलेली आहे, आणि शेवटच्या पानावर नकलकाराने शके १७५९, हेमलंबी नाम संवत्सर, असा काळ नोंदवला आहे, म्हणजे इसवी सनाचे १८३७. तेव्हापासून आजीच्या शेवटच्या आजारपणापर्यंत, सुमारे दीडशे वर्षे, ही पाने उलटली गेली. बाकीचे तेरा अध्याय पारायणापुरते उघडले जात. अकराव्याला मात्र सुट्टी नव्हती. त्याच्या पानांवर समईच्या तेलाचे थेंब आहेत, हळदीचे बोट आहे, आजोबांच्या तपकिरीचा एक पुसट शिडकावा आहे, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे अंगठा लावून पान उचलायचे, तिथे कागद इतका मळून मऊ पडला आहे की तो कागदापेक्षा जुन्या धोतराच्या चिंधीसारखा लागतो.

ही पोथी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या मूळ घरी देवघराच्या कोनाड्यात असे. ११२ सुटी पाने, वर-खाली दोन लाकडी फळ्या, त्यांवर लाल सुती रुमाल आणि रुमालात वेखंडाचे दोन तुकडे. कागद हाताने केलेला आणि घोटलेला. जुन्या काळी कागदाला खळ लावून तो वाळला, की गुळगुळीत दगडाच्या घोट्याने घासून त्याला तकाकी आणत, त्यामुळे बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. शाई काजळीची आहे, म्हणजे दिव्याची काजळी, डिंक, पाणी आणि ते तासन्‌तास खलणाऱ्याचा धीर. काजळी म्हणजे कार्बन. तो उजेडाने उडत नाही आणि कागदाला खातही नाही, म्हणून जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही अक्षर काल लिहिल्यासारखे काळेभोर आहे. त्याच शतकातल्या इंग्रजी कचेरीतले कागद ज्या लोहयुक्त शाईने लिहिले जात, तिने कित्येक ठिकाणी अक्षराच्या आकाराची भोके पाडून ठेवली आहेत. आमच्या पोथीत असा खादाडपणा फक्त एका रंगाने केला आहे. समासाची रेघ दुहेरी आहे, एक हिंगुळाची लाल आणि दुसरी जंगालाची हिरवी. जंगाल म्हणजे तांब्यावर चढणारा गंज. त्याने कागद असा जाळत नेला आहे, की काही पानांत मजकुराचा चौकोन समासापासून सुटून खिडकीच्या झडपेसारखा हलतो. नकलकार जिथे चुकला, तिथे त्याने पिवळा हरताळ फासून वर पुन्हा लिहिले आहे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मी जन्मभर वापरला, पण खराखुरा फासलेला हरताळ पाहिला तो वयाच्या साठाव्या वर्षी, भिंगातून.

शेवटच्या पानावर, काळाच्या नोंदीखाली, जुन्या हस्तलिखितांत जागोजाग आढळणारा एक श्लोक आहे:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पुस्तक स्वतःच सांगते आहे. लहानपणी आजी हा श्लोक म्हणायची तेव्हा आम्ही भावंडे एकमेकांकडे बोट दाखवायचो. आता वाटते, की श्लोक लिहिणाऱ्याने यादी फार नेमकी केली, पण एक नाव तीत घालायला तो विसरला. जुन्या वस्तूंचे मी पाहिलेले नुकसान तेला-पाण्याने जितके झाले, तितकेच किंवा त्याहून अधिक मायेने झाले आहे. आमच्या पोथीचे तर खात्रीने.

आजी गेल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अकराव्या अध्यायाची फाटायला आलेली पाने पारदर्शक चिकटपट्टीने जोडली. ते मोठ्या निगुतीचे गृहस्थ होते. वहीला पुठ्ठा घालावा तर त्यांनीच. प्रत्येक फाट त्यांनी दोन्ही बाजूंनी पट्टी लावून, नखाने घासून, हवेचा बुडबुडा राहणार नाही अशी जोडली. दिसायला काम इतके सुबक झाले, की पाहुण्यांना दाखवले जाई. या पट्टीचा डिंक रबराच्या जातीचा असतो. तो आधी नुसता चिकट असतो, मग हवेने बदलत जाऊन तेलकट होतो आणि कागदाच्या तंतूंत उतरतो, आणि शेवटी वाळून तपकिरी, ठिसूळ होतो. तोवर वरची फीत आपोआप गळून पडते आणि डाग तेवढा कायमचा राहतो. पंचवीस-तीस वर्षांत अण्णांच्या प्रत्येक फाटेच्या जागी विटकरी रंगाचा आयत तयार झाला. समईच्या तेलाचा थेंब आणि त्या आयताचा डाग शेजारी शेजारी पाहिले, की कोणता डाग हाताचा आणि कोणता बाजारचा, हे लहान मुलालाही सांगता येईल.

अण्णांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, कारण पुढची पायरी मी चढलो. १९९४ साली लॅमिनेशनची नवलाई होती. रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळे प्लॅस्टिकमध्ये जात होते. पोथीच्या पहिल्या पानावर, मजकुराच्या डाव्या अंगाला, गणपतीचे एक लहानसे चित्र आहे. बोटाच्या दोन पेरांएवढे. पिवळ्या पितांबराचा, उंदराविना, एका पायाची मांडी घातलेला गणपती. त्याचा रंग थोडा सुटू लागला होता. मी ते पान शहरातल्या एका दुकानात नेले आणि दोन मिनिटांत ते गरम रुळांमधून निघून, कडक आणि चकचकीत होऊन माझ्या हातात आले. दुकानदाराने कडा सुबक कापून दिल्या. घरी आल्यावर सगळ्यांनी पान हातोहाती फिरवले, कुणी चहाचा कप त्यावर ठेवूनही पाहिला आणि पुसून दाखवला. उरलेली १११ पाने तेव्हाच केली नाहीत ती केवळ एका पानाला किती पैसे पडले याचा हिशेब केला म्हणून. माझ्या कंजूषपणाचे इतके आभार मी दुसऱ्या कोणत्याही बाबतीत मानलेले नाहीत.

पुढे निवृत्तीनंतर, गावचे घर दुरुस्तीला काढताना, कोनाड्यामागच्या भिंतीतून वाळवीची माती निघाली आणि मी घाबरून पोथी पुण्याला आणली. ओळखीतून कागदपत्रांचे जतन करणाऱ्या एका बाईंचा पत्ता मिळाला. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या. मी त्यांना मॅडम म्हणत होतो आणि त्या मला काका. पहिल्या भेटीत त्यांनी पोथीला हात लावण्याआधी साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि मग रुमाल सोडला. हातमोजे का नाहीत, असे मी विचारले, कारण दूरचित्रवाणीवर अशा वेळी नेहमी पांढरे हातमोजे दिसतात. त्या म्हणाल्या, “काका, मोज्यातून कागद कळत नाही. पान कुठे कमजोर आहे ते बोटालाच समजतं.” आजी सोवळ्यात, हातपाय धुऊन पोथीला शिवायची, तेव्हा तिच्या मनात कारण वेगळे होते, पण कागदाच्या दृष्टीने कृती तीच होती.

त्या दिवशी त्यांनी काहीच दुरुस्त केले नाही. पहिला पूर्ण दिवस आणि पुढचे दोन दिवस त्यांनी फक्त पाहिले आणि लिहिले. पानाला एका बाजूने तिरपा उजेड दिला की सुरकुत्या आणि उचललेले रंग सावलीसकट उभे राहतात, पान उजेडासमोर धरले की कसरीने कुठे कुठे वरचा थर खरवडला आहे ते पातळ ठिपक्यांनी कळते. कसर कागद खाते असे आपण म्हणतो, पण तिचा जीव असतो खळीवर. ज्या खळीने कागदाला तकाकी आली, तीच तिचा खाऊ. हे ऐकल्यावर मला घोटलेल्या कागदाकडे पाहताना प्रथमच थोडे वाईट वाटले.

मग दुरुस्तीचा दिवस आला, तेव्हा मला अचंबा वाटला तो त्यांच्या शेगडीवरच्या पातेल्याचा. गव्हाच्या पिठातला चिवट अंश, म्हणजे ग्लुटेन, काढून उरलेल्या निव्वळ सत्त्वाची खळ त्या शिजवत होत्या, एका लाकडी चमच्याने, गुठळी होऊ न देता, अगदी तशीच जशी आमची आई पतंगांसाठी मैद्याची शिजवून द्यायची. शिजलेली खळ थंड करून त्यांनी बारीक चाळणीतून दोनदा गाळली. जोडायला कागद जपानी, तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीचा. वजनाला नाहीसा, पण तंतू लांब आणि चिवट. त्याची पट्टी त्यांनी कात्रीने कापली नाही. पाण्याने भिजवलेल्या कुंचल्याची एक रेघ ओढली आणि त्या रेघेवर कागद हलकेच ओढून फाडला, त्यामुळे कडेला तंतूंची झालर सुटली. कापलेली कड सरळ असते आणि जुना कागद नेमका तिच्याशी नवी घडी घेऊन पुन्हा फाटतो. झालर मात्र जुन्या कागदात मिसळून जाते आणि ओढ सगळीकडे वाटली जाते. खळ अगदी घट्ट आणि कमी घ्यायची, कारण काजळीच्या शाईतला डिंक पाण्याने विरघळतो. पट्टी बसवून वर टीपकागद, वर काच, वर पितळी वजन. एका फाटेला वीस मिनिटे, आणि मग ती सुकेपर्यंत दुसरे पान. या कामाचा एक गुण त्यांनी सहज बोलता बोलता सांगितला तो माझ्या मनात राहिला आहे. उद्या कुणाला याहून चांगला उपाय सापडला, तर थोड्या ओलाव्याने ही पट्टी सोडवता येईल, पानाला न दुखवता. आपण केलेले काम पुसता यावे म्हणून इतका आटापिटा करणारी माणसे मी नोकरीच्या सदतीस वर्षांत पाहिली नव्हती. आमच्या कचेरीत सगळा आटापिटा नेमका उलट होता.

अण्णांच्या पट्ट्या काढायला आठ दिवस लागले. गळून पडलेल्या फितींचा प्रश्न नव्हता. ज्या अजून चिकटून होत्या त्या किंचित तापवलेल्या पातळ पात्याने उचलायच्या, मऊ झालेला डिंक विशिष्ट रबराने खरवडून गोळा करायचा आणि जो तंतूंत मुरला आहे तो कापसाच्या काडीवर द्रावक घेऊन, खाली टीपकागद ठेवून, थेंबाथेंबाने खाली ओढायचा. काजळी या द्रावकांना दाद देत नाही, हे आमचे नशीब. पाण्याला भिणारी शाई इथे निर्धास्त असते. तरी डाग पूर्ण गेले नाहीत. फिकट झाले, एवढेच. “अजून घासलं तर डाग जाईल, पण अक्षराखालचा कागदही जाईल,” असे म्हणून त्यांनी काडी खाली ठेवली.

ही काडी खाली ठेवण्याची कला किती महाग शिकली गेली आहे, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, अजिंठ्याला आहे, आणि त्या आठ दिवसांत आमचे बोलणे वारंवार तिकडे वळत होते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या त्या नालाकृती खोऱ्यात पोहोचला आणि त्याने १० क्रमांकाच्या लेण्यातल्या रंगवलेल्या खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. हा पहिला ओरखडा. तो अडाणीपणाचा होता, म्हणून त्यावर रागावणे सोपे आहे. पुढची कथा अवघड आहे, कारण तिच्यातली सगळी माणसे त्या चित्रांवर जीव लावणारी होती. १८४४ पासून मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल तिथे वर्षानुवर्षे राहून भल्यामोठ्या नकला करत राहिला. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतल्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तिथे जाऊ लागले. पेस्तनजी बमनजी त्यांच्यातले एक. दिवाळीनंतर निघायचे आणि उन्हाळ्याआधी परतायचे, अशा मोसमांत १८८५ पर्यंत हे काम चालले आणि सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. त्यांतलीही पुष्कळशी १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत सापडली.

आता यातला बोचणारा भाग. काळवंडलेल्या भिंतीवरचे रंग नकलेसाठी नीट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर रोगणाचा, म्हणजे व्हार्निशचा, हात दिला गेला. ओल्या दगडाचा रंग कोरड्या दगडापेक्षा खुलून दिसतो, तसा रोगणाखाली रंग त्या क्षणी खुलतो. नक्कल झाली, रोगण वाळले, पिवळे पडले, धूळ आणि वटवाघळांची घाण धरून बसले. नकला जळाल्या आणि मुळांवर रोगण उरले. पुढे लेणी ज्या निजामाच्या राज्यात होती, त्या राज्याच्या पुरातत्त्व खात्याने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला गिलावा खडकाला पुन्हा धरवण्याचे जे काम त्यांनी केले, ते नसते तर आज कितीतरी चित्रे जमिनीवर मातीच्या ढिगात असती, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यांनीही रंग पक्के करायला लाखेचे रोगण वापरले, आणि लाखही वयोमानाने पिवळी-तपकिरी होऊन आकसते, आकसताना खालचा रंग सोलून वर ओढते. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे जे काम केले त्याचा मोठा हिस्सा आधीच्या जतनकारांचे जतन उतरवण्याचा आहे. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली भित्तिचित्रे नव्हेत. माती, वनस्पतींचे तंतू आणि तूस कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि कोरड्या पृष्ठावर सरसासारख्या बांधकात कालवलेले रंग, अशी त्यांची घडण आहे. म्हणजे तिथेही गिलाव्यातला जो तंतू भिंत धरून ठेवतो, तोच किड्यांचा चारा. आणि तिथेही पाणी लावायची सोय नाही. पोथी आणि लेणे यांच्यात आकाराचा फरक सोडला तर व्यथा सारखीच, हे त्या टेबलाशी बसून कळले. अण्णांची पट्टी हेही एक रोगणच होते.

मी एकदा भाबडेपणाने विचारले, की अकराव्या अध्यायावरचे तेलाचे डाग काढता येतील का. द्रावकाने बरेच निघतील, असे त्या म्हणाल्या, आणि मग मला विचारले, “का काढायचे?” मला उत्तर सुचले नाही. स्वच्छ दिसावे म्हणून, असे म्हणायला जीभ वळेना. पोथीत मजकूर शिवलीलामृताचा आहे आणि तो छापील प्रतींतही मिळतो, किंबहुना अधिक शुद्ध मिळतो. या ११२ पानांत जे दुसरीकडे कुठेही मिळणार नाही ते म्हणजे एका घरात दीडशे वर्षे कोणती पाने वाचली गेली, कुठल्या उजेडात, कुठल्या बाजूला समई ठेवून. तेलाचे थेंब सगळे डाव्या अंगाला आहेत. म्हणजे समई डावीकडे असे, आणि देवघराची आजची मांडणी पाहिली तर ती उजवीकडे आहे. केव्हातरी देव हलवले गेले, ही गोष्ट घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हती, ती डागांनी सांगितली. तेल श्लोकाप्रमाणे शत्रू आहे, हे खरेच. मुरलेले तेल कागद पारदर्शक आणि पुढे ठिसूळ करते. तरी त्याचे काय करायचे, हा प्रश्न रसायनशास्त्राचा उरला नव्हता. थेंब जिथे आहेत तिथेच राहिले. नव्याने कागद झडू लागला तरच त्यांना हात लावायचा, असे ठरले.

अर्थात देवाची वस्तू आणि संग्रहालयाची वस्तू यांच्यातली ओढाताण इतक्या सहज मिटत नाही. संग्रहालयात हात लावणे हाच गुन्हा असतो, आपल्याकडे हात लावणे हीच भक्ती. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायला मिळते, हे या देवाचे मोठेपण मानले गेले आहे, आणि त्याच पदस्पर्शाने मूर्तीचे पाय झिजले म्हणून तिच्यावर वेळोवेळी लेप देण्याची पाळी आली. २०२० साली टाळेबंदीत मंदिर बंद असताना पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली हे काम झाले. विटेवर अठ्ठावीस युगे उभा राहिलेला तो माणसांच्या कपाळांनी झिजावा, याला हानी म्हणायचे की वहिवाट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. 

दुसरीही एक बाजू आहे आणि ती मला माझ्या मावशीने ऐकवली. पोथीवर होणारा खर्च ऐकून ती म्हणाली, “अरे, जीर्ण झाली की पोथी गंगेत सोडायची असते. भंगलेली मूर्ती कधी कुणी सांधून पुजली आहे का?” तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे आणि त्यात अडाणीपणा मुळीच नाही. आपल्या परंपरेत वस्तूला आयुष्य असते, ते संपले की ती सन्मानाने पाण्यात जाते आणि तिच्या जागी नवी नक्कल येते. आमची पोथीही कुठल्यातरी जीर्ण पोथीची नक्कलच असणार, जी शास्त्री नदीच्या पाण्यात कधीच विरघळून गेली असेल. नक्कल करणारे हात जोवर घरोघर होते तोवर हा व्यवहार चोख होता. ते हात छापखान्याने थांबवले, आणि पाण्यात सोडण्याची रीत मात्र चालू राहिली. याच रीतीने, आणि तिच्याहून अधिक वाण्याच्या पुड्यांनी, मराठी मुलखातले किती मोडी कागद संपले याला गणती नाही. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ती धडपड याच पुरापुढे बांध घालण्याची होती. मावशीला मी एवढेच म्हणालो, की नवी नक्कल कुणी हाताने लिहून देत असेल तर जुनी सोडायला मी तयार आहे. ती हसली आणि तिने विषय बदलला.

परत आणल्यावर पोथी ठेवायची कुठे, यावर बराच खल झाला. मी काचेच्या चौकटीचा, दिवाणखान्यातल्या भिंतीचा विचार करत होतो. तो बाईंनी हाणून पाडला. उजेड हवा तर वर्षातून चार दिवस, एरवी अंधारच बरा. कागदाला थंडी किंवा उकाडा एकवेळ चालतो, पण आज कोरडे आणि उद्या दमट ही हेलकाव्याची हवा चालत नाही, कारण तंतू दर वेळी फुगतात आणि आकसतात. पावसाळ्यात कोकणात भिंतीला बुरशी येते, तेव्हा पोथी भिंतीला टेकलेली नसावी, हवा खेळती असावी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच नसावी, कारण आत अडकलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. मग पिशवीऐवजी काय, असे विचारताच त्या हसल्या आणि त्यांनी आमचाच जुना लाल रुमाल, मात्र धुऊन त्याचा सुटा रंग काढून टाकलेला, माझ्यापुढे धरला. आत आम्लविरहित कागदाचे एक वेष्टन, वर त्याच दोन फळ्या, वर रुमाल. सुती कापड हवेतला दमटपणा आधी स्वतः पिते आणि सावकाश सोडते, त्यामुळे आतल्या कागदाला हेलकावा कमी बसतो. धूळ बाहेर राहते. आणि फळ्यांवर रुमाल ताणून बांधला की पाने सपाट दाबून राहतात, कसरीला शिरायला फट राहत नाही. श्लोकातल्या ‘शिथिलबन्धना’चा अर्थ मला तेव्हा लागला. इतकी वर्षे मी तो आळशी माणसाला दिलेला टोमणा समजत होतो.

पहिल्या पानाचे, लॅमिनेशनच्या पानाचे, मात्र काही झाले नाही. उष्णतेने वितळलेला डिंक कागदाच्या दोन्ही अंगांनी आत शिरला आहे, आणि फीत सोडवायला गेले तर गणपतीचा रंग, जो आधीच सुटू लागला होता, कागद सोडून फितीबरोबर जाईल. त्यांनी एका कोपऱ्यावर, जिथे काही लिहिलेले नाही, तांदळाएवढ्या जागेत प्रयोग करून पाहिला, भिंगाखाली दोन मिनिटे निरखला आणि पान बाजूला ठेवले. मी उगाच, पुढे-मागे काही निघेल का, असे विचारले. निघेल कदाचित, त्या म्हणाल्या, म्हणूनच आज काही करायचे नाही. बाकीची पाने मऊ, मळकट, किंचित लवणारी. त्यांच्यावर हे एक पान ताठ, चकचकीत आणि बाकीच्यांपेक्षा दोन बोटे जास्त रुंद. बांधताना त्याच्या धारदार कडा दुसऱ्या पानाला कापू नयेत म्हणून त्याला वेगळे पाकीट करावे लागले.

पोथीबरोबर त्यांनी मला एक अहवाल दिला, पानागणिक एक ओळ, रकाने आखलेला. स्थिती, पूर्वीच्या दुरुस्त्या, आता केलेले उपचार, शेरा. पान ७९ ते ८९ या अकराव्या अध्यायाच्या ओळी सगळ्यात लांब आहेत आणि त्यांच्या शेऱ्यात अकरा वेळा एकच वाक्य आहे: तेलाचे व हळदीचे डाग राखले आहेत. पूर्वीच्या दुरुस्त्यांच्या रकान्यात कोणी काय केले हे ठाऊक असल्यास नोंदवायचे असते, म्हणजे पुढच्या माणसाला डिंकाची जात आणि वय कळते. त्यासाठी त्यांनी मला फोनवर दोनदा विचारून खात्री केली होती. पान १ च्या ओळीत लिहिले आहे: लॅमिनेशन, १९९४, सध्याच्या मालकांनी स्वतः. उपचार: नाही.